पोस्टफिक्स घ्या, पण माजघरात नको

गुहागर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. अकरा वर्षं पुण्यात नोकरी करून त्या गावी परतल्या आणि आता वडिलांची हापूसची बाग बघतात. वाडीतल्या नऊ बागायतदार घरांनी मिळून एक डोमेन घेतलं आहे. त्यांच्या पत्रातला मुख्य भाग असा:

"माजघरात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर फ्रीबीएसडी १४ टाकलंय. फायबर आलंय, इन्व्हर्टर आहे. बाराएक मेलबॉक्स लागतील. आत्तापर्यंत सगळे मिळून एक फुकटचं खातं वापरत होतो. गेल्या एप्रिलमध्ये ते अचानक बंद पडलं, ऑर्डरींची पत्रं आत अडकली आणि दाद मागायला कुणी माणूस सापडला नाही. आता मेल सर्व्हर आपला हवा आणि आपल्याच घरात हवा. सेंडमेल, पोस्टफिक्स, एक्झिम, क्यूमेल, ओपनएसएमटीपीडी यातलं कुठलं घेऊ? आमचे जुने साहेब म्हणायचे, सेंडमेल आलं म्हणजे युनिक्स आलं. मित्र म्हणतो, क्यूमेल घे, त्याला भोक पडत नाही. बाबा म्हणतात, पेट्या भरायच्या सोडून हे कशाला?"

(ही पाचही नावं मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅमची, म्हणजे पत्रं आणणाऱ्या-पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरची. फ्रीबीएसडी ही यंत्र चालवणारी प्रणाली, युनिक्सच्या कुळातली.) ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. पोस्टफिक्स घ्या, जोडीला आलेली पत्रं जपणारं डवकॉट घ्या. आणि हे दोन्ही माजघरातल्या डेस्कटॉपवर बसवू नका. एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर बसवा, माजघरात त्याची नक्कल ठेवा. दुसरा भाग तुम्हाला आवडणार नाही हे मला कळतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

मी दापोली तालुक्यात राहतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने किनाऱ्यावर चढलं तेव्हा माझा मेल सर्व्हर माझ्या घरी पडवीतल्या फळीवर होता. कौलं उडायला लागली तसं मी यंत्र बंद केलं, ताडपत्रीत गुंडाळलं आणि पलंगाखाली सरकवलं. आमच्याकडे वीज यायला सव्वीस दिवस लागले. फोनचे टॉवरही बरेच दिवस मुके होते. माझी बहीण परदेशात असते. ती रोज एक पत्र लिहीत होती, "दादा, कसे आहात, कळव." नवव्या दिवशी तिला तिचीच पत्रं परत यायला लागली. पत्ता गाठता येत नाही, पत्र पोचवता आलं नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं. बातम्यांत उन्मळलेली झाडं दिसत होती आणि हातात ही परत आलेली पत्रं. तिने ते दिवस कसे काढले असतील ते मला आजही आठवायला नको वाटतं. २९ जूनला लाईट आली, यंत्र सुरू केलं, आणि पहिल्या आठवड्यातलं एकही पत्र मला मिळालं नाही. ती सगळी पाठवणाऱ्यांकडे परत गेलेली होती.

इथे प्रोग्रॅमची चूक काहीच नव्हती. ईमेल पोचवण्याचे जे नियम आहेत, म्हणजे एसएमटीपी, ते १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले तेव्हापासून एक गोष्ट त्यांत गृहीत आहे: समोरचं यंत्र कधीकधी बंद असणार. म्हणून पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. आजच्या नियमांत, म्हणजे आरएफसी ५३२१ या नियमपत्रात, हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस थांबतं. काही जण जास्त थांबतात, काही त्याआधीच कंटाळतात. चार तास लाईट गेली, रात्रभर डीपी उडाला, तरी तुमचं एक पत्र हरवत नाही. पण आपल्या किनाऱ्यावर जेव्हा खरोखर वाईट दिवस येतात, तेव्हा पाच दिवस पुरत नाहीत. तौक्ते वादळ २०२१ साली मे महिन्याच्या मध्यात आपल्या किनाऱ्यावरून गेलं, म्हणजे ऐन आंब्यात. त्या दिवसांत पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं विचारत असतात, पेट्या येणार का, पैसे परत मिळणार का. उत्तर द्यायला तुमच्या नऊ घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत असेलच. मेलबॉक्स काळोखातल्या घरात अडकलेला असेल तर तेही हात बांधून बसणार.

घरात न ठेवण्याची दुसरी कारणं रोजची आहेत. घरगुती फायबरवर तुम्हाला बहुतेक स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, मिळतच नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. पोर्ट २५, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र ज्या दारातून जातं ते, बाहेर जाताना अडवलेलं असतं. अडवलेलं नसलं तरी घरगुती जोडण्यांचे पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत "इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही" अशा रकान्यात असतात, आणि ती यादी बघून बरेच सर्व्हर दार लावून घेतात. शिवाय तुमच्या पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी, जिला पीटीआर म्हणतात, तुमच्या डोमेनच्या नावाने हवी. घरगुती जोडणीवर ती करून मिळत नाही. घरचा सर्व्हर पत्र घेऊ शकेल एखाद वेळेस, पण त्याने पाठवलेलं पत्र कुणी घेणार नाही.

म्हणून भाड्याचा सर्व्हर. दोन जीबी मेमरीचा पुरतो. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न लेखी विचारा: पोर्ट २५ उघडं करून देता का, आणि पीटीआर लावता येतो का. दोन्हींना हो आलं नाही तर पुढे बघा. मोठमोठ्या क्लाउड कंपन्यासुद्धा पोर्ट २५ मुळात बंद ठेवतात, तेव्हा संकोच करू नका. पत्ता हातात आला की तो कुठल्या काळ्या यादीत आहे का ते तपासा. आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवून ठेवलेलं असेल तर लगेच पत्ता बदलून मागा.

आता प्रोग्रॅमकडे येऊ, आणि तुमच्या साहेबांच्या शब्दाचा मान राखूनच सांगतो. सेंडमेल एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलं, १९८३ साली ते बीएसडी या तिथल्या युनिक्सबरोबर आलं. तेव्हा जगात एक इंटरनेट नव्हतं, वेगवेगळी जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहायची तऱ्हा वेगळी. कुठे उद्गारचिन्हं, कुठे टक्क्याचं चिन्ह. सेंडमेल हे त्या सगळ्यांमधलं दुभाषी होतं, आणि त्याची ती अगम्य वाटणारी कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमने कसं वागायचं ते लिहिलेली फाइल, ही पत्ते उलगडायची एक अख्खी भाषा आहे. ते काम त्याने फार मोठं केलं. पण ती गरज आता उरली नाही आणि भाषा तेवढी उरली. दुसरं म्हणजे एकच मोठा प्रोग्रॅम, तोही बराच काळ रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या, अधिकाराने चालणारा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे यंत्रायंत्रांतून आपोआप पसरलेल्या प्रोग्रॅमने, आत शिरायला वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलच्या डीबग, म्हणजे चुका शोधायच्या, सोयीतून गेली होती. नंतर पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. तरी तुमच्याच फ्रीबीएसडीने १४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, सेंडमेलला मुळातल्या जागेवरून बाजूला केलं आणि तिथे डीएमए नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला. तो बाहेरची पत्रं घेत नाही, यंत्राची स्वतःची पत्रं तेवढी पोचवतो. तुमच्या माजघरातल्या यंत्राला तो अगदी योग्य आहे. तिथे काही बदलू नका.

सेंडमेल ही कमांड मात्र राहणार. कुठलंही मेल सॉफ्टवेअर घेतलं तरी ते सेंडमेल नावाची एक कमांड देतं, कारण हजारो जुने प्रोग्रॅम तिलाच हाक मारतात. फ्रीबीएसडीवर त्या नावामागे खरा कोण उभा आहे ते मेलर डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स बसवल्यावर ही फाइल एकदा डोळ्यांनी बघा. ती तशीच राहिली तर रोज रात्रीचे अहवाल एकीकडून जातील, गिऱ्हाइकांची पत्रं दुसरीकडून, आणि तुम्ही चुकीच्या रांगेत शोधत बसाल.

क्यूमेलबद्दल तुमचा मित्र अर्धं खरं बोलतो. डॅनियल बर्नस्टीन यांनी ते लिहिलं, आणि सुरक्षेत भोक दाखवणाऱ्याला पाचशे डॉलर देऊ असं जाहीर केलं. त्यांचं डोकं असामान्य. मेलडिर, म्हणजे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, ही आज सगळीकडे रुळलेली पद्धत त्यांचीच. पण १.०३ ही आवृत्ती १९९८ सालची आहे आणि त्यांच्या हातची पुढची आवृत्ती आली नाही. आजच्या घडीला जे लागतं, वाटेत पत्र गुप्त ठेवणारं टीएलएस म्हणा, पासवर्ड विचारून पत्र घेणं म्हणा, ते सगळं इतरांनी जोडलेल्या ठिगळांतून येतं. "भोक पडत नाही" हेही आता खरं नाही. ६४-बिट यंत्रांवरची एक कमजोरी २००५ मध्ये दाखवली गेली होती आणि २०२० मध्ये संशोधकांनी तिचा वापर करून आत शिरून दाखवलं. आणखी एक त्रास आहे. मूळ क्यूमेल अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याचंही पत्र आधी घेतं आणि मग परत धाडतं. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचं नाव खोटं असतं, त्यामुळे तुमचा सर्व्हर निरपराध लोकांवर परतीच्या पत्रांचा मारा करतो आणि महिन्याभरात काळ्या यादीत जातो. क्यूमेल वाचा जरूर, शिकायला उत्तम आहे. पण नऊ घरांच्या ऑर्डरी त्याच्यावर सोडू नका.

एक्झिम केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ साली सुरू केलं. त्याच्या कॉन्फिग फाइलीत जवळजवळ काहीही लिहिता येतं. होस्टिंगवाल्यांना ते म्हणूनच आवडतं. पण २०१९ मध्ये त्यात बाहेरून आज्ञा चालवता येणारं मोठं भोक सापडलं आणि २०२१ मध्ये एका तपासणीत एकदम एकवीस. दुरुस्त्या तातडीने आल्या, हे मान्य. तरी पेट्या भरण्याच्या दिवसांत रात्री अपडेट करत बसायची पाळी तुमच्यावर येऊ नये असं मला वाटतं. ओपनएसएमटीपीडीची कॉन्फिग सगळ्यांत सुंदर, दहा-बारा ओळींत काम होतं. ते जिथून आलं ती ओपनबीएसडी प्रणाली वापरत असतात तर मी अडवलं नसतं. पण अडचण आली की मदत शोधावी लागते, आणि तिथे पोस्टफिक्सच्या तुलनेत हाताशी फार थोडं सापडतं.

पोस्टफिक्स वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं, डिसेंबर १९९८ मध्ये ते लोकांना मिळालं. त्याची रचना तुम्हाला तुमच्या खळ्यातूनच समजेल. एप्रिलमध्ये एक जण आंबा निवडतो, एक जण पेटीत पेंढा घालून भरतो, एक जण पेटीवर नाव घालतो, एक जण टेम्पोत चढवतो. कपाटाची किल्ली मात्र बाबांच्या कनवटीला. पोस्टफिक्समध्येही दारात पत्र घेणारा वेगळा, ते नीट करून रांगेत लावणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, बाहेर पोचवणारा वेगळा. बाहेरच्या माणसाशी बोलणाऱ्यांच्या हाती रूटचा अधिकार नाही. दारातला फसवला गेला तरी चोराच्या हाती घर लागत नाही. भोकं त्यालाही सापडली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये एका पत्राच्या पोटात दुसरं पत्र लपवून घुसवायची युक्ती उघड झाली, तेव्हा तेही त्यात होतं. पण एकूण नोंद बघितली तर ती फार स्वच्छ आहे.

मला मात्र ते आवडतं ते त्याच्या लॉगसाठी, म्हणजे कामाच्या नोंदवहीसाठी. प्रत्येक पत्राला एक खूण मिळते, आणि त्या खुणेने शोधलं की पत्राचा सगळा प्रवास सापडतो: केव्हा आलं, कुणाकडून, कुणाला, किती वेळ लागला, आणि शेवटी स्टेटस. सेंट म्हणजे पोचवलं. बाउन्स्ड म्हणजे परत गेलं. डिफर्ड म्हणजे रांगेत थांबलंय, आणि लगेच पुढे कंसात समोरच्या सर्व्हरचे शब्द जसेच्या तसे. तिथे "कनेक्शन टाइम्ड आउट" दिसलं आणि तेही प्रत्येक ठिकाणी, तर पोर्ट २५ अडवलंय, तुमच्या कॉन्फिगमध्ये शोधू नका. चारपासून सुरू होणारा आकडा, चारशे पन्नास वगैरे, म्हणजे "आत्ता नाही, नंतर या". पाचपासून सुरू झाला, पाचशे पन्नास, तर "पुन्हा येऊ नका". या दोन आकड्यांतला फरक कळला की अर्धं मेल कळलं.

तो फरक पहिल्या दिवसापासून कामाचा आहे. पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स नावाची एक ओळ आहे. ती चालू केली की तुमचा सर्व्हर पाचची उत्तरं न देता चारची देतो. म्हणजे तुम्ही एखाद्या घराचा पत्ता घालायला विसरलात, तरी त्यांचं पत्र परत जात नाही, पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबून राहतं. चूक दुरुस्त केली की येतं. पहिले दोन आठवडे ही ओळ चालू ठेवा, मग आठवणीने बंद करा. नाहीतर चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला आपली चूक दिवसेंदिवस कळणारच नाही.

बाकी कॉन्फिग मेन डॉट सीएफ या फाइलीत. तुमच्यासाठी वीस-पंचवीस ओळींच्या वर जायचं कारण नाही. पोस्टकॉन्फ ही कमांड एन हा पर्याय देऊन चालवली की तुम्ही बदललेल्या ओळी तेवढ्या दिसतात. त्या कागदावर छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा. कुठल्यातरी मार्गदर्शिकेतून चाळीस ओळी उचलून चिकटवू नका. प्रत्येक ओळ का आहे ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. विश्वासातली यंत्रं म्हणून फक्त स्वतःचं यंत्र लिहा, दुसरं काही नाही. पत्र पाठवणाऱ्या तुमच्या माणसांनी पोर्ट ४६५ वरून, पासवर्ड देऊन यायचं. हे चुकलं तर जगातला कुणीही तुमच्या सर्व्हरवरून पत्रं पाठवू शकतो. त्याला ओपन रिले म्हणतात, आणि एका रात्रीत पत्त्याची अब्रू जाते. सुरुवातीला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, बंद ठेवा, कारण त्याचा पीटीआर लावायचा बरेच जण विसरतात आणि जीमेल अशी पत्रं घेत नाही.

पत्र आणणं-नेणं हे पोस्टफिक्सचं काम. आलेलं पत्र जपून ठेवणं आणि फोनवर, लॅपटॉपवर दाखवणं हे डवकॉटचं. फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी २००२ पासून ते वाढवलं. पासवर्ड तपासायचं कामही डवकॉटकडेच द्या, पोस्टफिक्स त्यालाच विचारतं. एक सावधगिरी: जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत कॉन्फिगची लिहिण्याची पद्धत बदलली आणि २.३ ची फाइल त्यात चालत नाही. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं जुन्या पद्धतीची आहेत. तुमची आवृत्ती कुठली ते आधी बघा, मगच वाचायला बसा. सर्व्हरची ओळख पटवणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होतं. पण डवकॉटला रीलोड केल्याशिवाय ते जुनंच दाखवत राहतं, आणि मग एके सकाळी सगळ्यांच्या फोनवर लाल इशारा येतो. रीलोडची ओळ नूतनीकरणातच घाला.

स्पॅम गाळायला आरस्पॅमडी हा प्रोग्रॅम. पत्रावर डीकेआयएमची, म्हणजे पत्र तुमच्याच डोमेनचं आहे हे पटवणारी, सही करायचं कामही तेच करतं, म्हणजे एक प्रोग्रॅम वाचला. व्हायरस तपासणारं क्लॅमएव्ही या मेमरीत बसवू नका, ते एकटंच एक जीबीहून जास्त खातं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत, तीन नोंदी करा: एसपीएफ (तुमची पत्रं कुठल्या यंत्रांवरून येतील), डीकेआयएम (सही तपासायची किल्ली) आणि डीमार्क (या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारा पीटीआर आणि टीएलएस मागायला सुरुवात केली आहे. दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात. तुमची संख्या त्याच्या जवळपासही नाही, तरी तिन्ही करा. अर्ध्या तासाचं काम आहे. हे सगळं करूनही पहिले काही आठवडे नव्या पत्त्यावरची काही पत्रं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातील. ओळखीच्यांना सांगून ती बाहेर काढायला लावा, उत्तरं द्यायला लावा. आणि मार्चपर्यंत हे निवळलं नाही, तर जाणारी पत्रं एखाद्या पैसे घेणाऱ्या रिले सेवेतून, म्हणजे तुमची पत्रं पुढे पोचवणाऱ्या कंपनीतून, पाठवा. पोस्टफिक्समध्ये ती रिलेहोस्टची एक ओळ आहे. येणारी पत्रं तरीही थेट तुमच्याकडेच येतील.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय, कारण तो तुमच्या पत्रातला सगळ्यांत नेमका प्रश्न आहे. त्यांना सांगा, गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कुणाला किती डझन लागतात, कुणाचे पैसे राहिलेत, हे सगळं त्या फुकटच्या खात्यात होतं आणि ते एका दिवसात गेलं. डोमेन तुमचं असलं म्हणजे सर्व्हरवाला बदलता येतो, पत्ता तोच राहतो. बाग तुमची आणि टेम्पो भाड्याचा, हे त्यांना लगेच पटेल. मात्र ते डोमेन नऊ घरांच्या नावाने असू द्या, पासवर्ड कागदावर लिहून दोन घरांतल्या कपाटांत ठेवा. तुम्ही तापाने पडलात तर दुसऱ्या कुणाला तरी आत शिरता आलं पाहिजे.

आणि आता माजघरातला डेस्कटॉप. तो अडगळीत टाकायला मी सांगत नाही. त्याचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याने दर पंधरा मिनिटांनी भाड्याच्या सर्व्हरवर जाऊन आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने पत्रांची नक्कल ओढून आणायची. ओढून आणायची म्हणजे बाहेरून घरात कुणाला यावं लागत नाही, त्यामुळे घरगुती आयपीची अडचणच संपली. मेलडिर असल्यामुळे नवी पत्रं तेवढी येतात, पावसाळ्यात रेंज रडतखडत असली तरी भागतं. एक बारीक गोष्ट: मेलडिरमध्ये पत्र वाचलं की त्या फाइलीचं नाव बदलतं. म्हणून आरसिंकला डिलीटचा पर्याय द्यावाच लागतो, नाहीतर प्रत्येक पत्राच्या दोन-दोन प्रती साठतात. पण मग तिकडे कुणी चुकून सगळं पुसलं, तर पंधरा मिनिटांत इकडेही पुसलं जाईल. त्यासाठी फ्रीबीएसडीवर झेडएफएस ही फाइली साठवायची पद्धत आहेच. रोज रात्री एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र, घ्या आणि निदान तीस दिवसांचे ठेवा. पत्रं घरात हवीत ही तुमची इच्छा होती, ती इथे पुरी होते: लाईट असो नसो, कुणी खातं बंद करो, गेल्या रात्रीपर्यंतचं सगळं तुमच्या छपराखाली आहे.

हे काम गणपती गेले की काढा. पाऊस ओसरलेला असतो, मोहोराला वेळ असतो, हाताशी तीन-चार महिने मिळतात. फवारण्या सुरू झाल्यावर हात घालू नका. डिसेंबरात, ऑर्डरी यायच्या आधी, एक दिवस ठरवून भाड्याचा सर्व्हर बंद करा. खरोखर बंद. नऊ घरांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. मग दुसरीकडे एक नवा सर्व्हर दिवसाच्या भाड्याने घ्या, फाइलीतला तो छापील कागद समोर ठेवून पोस्टफिक्स आणि डवकॉट बसवा, माजघरातल्या नकलेतून पत्रं परत चढवा आणि डीएनएसमधला पत्ता त्याच्याकडे वळवा. डीएनएसची मुदत, म्हणजे जुना पत्ता इतर यंत्रं किती वेळ लक्षात ठेवतात ती, आधीच एका तासावर आणून ठेवलेली असू द्या. मुंबईतल्या भावाला सकाळीच, सर्व्हर बंद असताना, एक पत्र टाकायला सांगा. त्याचं पत्र त्याच्या बाजूच्या रांगेत दार ठोठावत थांबलेलं असेल. नवं यंत्र सुरू झालं की लॉग उघडून बसा. ते पत्र आलेलं दिसेपर्यंत किती तास लागले, ते त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा आणि मला कळवा.